गतीबाबांची आठपट

"बोला, वेग वाढला की नाही?"

"वाढला!"

रुग्णालयाच्या खालच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या पडद्यावर इंटरनेटच्या वेगाचा आकडा मघाशीच अर्ध्यावरून चारवर गेला होता. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. गतीबाबांनी इंटरनेटच्या डब्यावर ठेवलेली तांब्याची चकती उचलली, तिला जीभ लावली आणि तीच ओली चकती पुढच्या रांगेतल्या लोकांच्या कपाळांना टेकवत निघाले. लोकही हौसेनं कपाळं पुढे करत होते.

जिन्यावर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहून तोंड फिरवलं. याच लोकांना त्या दिवसभर साबणानं हात धुवायला सांगत असत.

"आठपट!" बाबा गरजले. "सात नाही, नऊ नाही! तारेला आठ दिशांची कंपनं बांधली आहेत. तिच्यात साचलेली मरगळ आम्ही पिऊन टाकली." आणि त्यांनी खरोखरच भलामोठा ढेकर दिला. त्यावरही टाळ्या पडल्या.

बाई खाली आल्या त्या वेगळ्याच कामासाठी. शिडीवरून पडलेला एक रंगारी वर बेशुद्ध पडून होता. डोक्यात रक्तस्राव होता. मोठ्या शहरातले मेंदूचे सर्जन फोनवर स्पष्ट म्हणाले होते, "स्कॅनच्या प्रतिमा चटकन येणार असतील तर पाठवा. तासभर लागणार असेल तर वाट बघू नका, पेशंटलाच गाडीत घाला." त्यावर व्यवस्थापकांनी परस्पर सांगून टाकलं होतं, "सात-आठ मिनिटांत पोचतील!" गाडी दारात थांबवून ठेवली होती. पाव तास उलटला होता आणि सर्जनकडे अजून फाइल पोचली नव्हती.

"किती गेलंय?" बाईंनी संगणकावर बसलेल्या बाबांच्या शिष्याला विचारलं.

"जातंय, ताई. श्रद्धा ठेवा."

बाईंनी त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. फाइलचा जेमतेम चौथा हिस्सा गेला होता.

"व्यवस्थापकसाहेब, हे आठपट आहे? कालही हा वेग एवढाच होता!"

"अहो, आकडा बघा ना! मी स्वतः पाहिलं. नवीन केबलचं काम मी आजच रद्द करतोय. प्रत्येक खोलीत एकेक चकती बसवू."

"तुम्ही पाहिलंत? आकडा बदलला तेव्हा?"

व्यवस्थापक जरा घुटमळले. "तेव्हा बाबांनी डोळे मिटायला लावले होते."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या वळून जिन्याकडे ओरडल्या, "पेशंटला खाली आणा! स्कॅनची डिस्क सोबत द्या. गाडी लगेच निघू दे!" स्ट्रेचर आलं तेव्हा गर्दी हटेना. रंगाऱ्याची बायको दोन्ही हातांनी वाट काढत पुढे चालली होती. तिच्याही कपाळाला चकती लावायला बाबांनी हात पुढे केला. बाईंनी तो मनगटाशीच धरला.

"हात मागे घ्या," त्या म्हणाल्या. "आधी धुवा."

बाबांनी चकती पुन्हा डब्यावर ठेवली. गाडी गेली. मग बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवलेला बाबांचा फोटो टरकन ओढून काढला. खाली बारीक अक्षरं होती.

"वाचा कुणीतरी."

"मेगाबिट," एक शिक्षक म्हणाले.

बाईंनी संगणकाच्या सेटिंगमध्ये एक बटण दाबलं. अक्षरं बदलून 'मेगाबाइट' झाली आणि चार पुन्हा अर्ध्यावर आला. तांब्याची चकती डब्यावर तशीच होती.

"बघा. तुमचे डोळे मिटलेले असताना या शिष्यानं एवढंच केलं. आठ बिट मिळून एक बाइट होतो. डिस्कमधला माल बाइटमध्ये मोजतात, तारवाले वेग बिटमध्ये सांगतात. तुमची उंची फुटांत सांगितली आणि मग इंचांत सांगितली, तर आकडा बारापट होतो. म्हणून डोकं छताला लागतं का? म्हणून यांची किमया नेमकी आठपट. सात नाही, नऊ नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या रांगेतला एक जण बाहीनं कपाळ खसाखसा पुसू लागला.

"यंत्राला दृष्ट लागली," बाबा पुटपुटले आणि चकतीकडे हात नेला.

"राहू द्या," व्यवस्थापक म्हणाले. "पोलिसांना दाखवायला लागेल."

रंगारी वाचला, पण त्याची उजवी मूठ नीट मिटत नाही. महिन्याभरानं त्याची बायको औषधं न्यायला आली. तेव्हा तिनं विचारलं, "त्या दिवशी गाडी लगेच निघाली असती, तर हात वाचला असता का हो?"

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमलं नाही. त्या दिवसाची किळस अजून जिभेवर होती. बाबाची तर होतीच. पण शिकलेसवरलेले लोक, सांगितलं म्हणून मुकाट्यानं डोळे मिटून उभे राहिले, त्याची अधिक होती.

दालनात नवी केबल आली. तिच्या उद्घाटनाला बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर उघडे ठेवा. कुणी आकडा दाखवला, तर विचारा, कशाचा? तेवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही."

आणि खाली बसल्या.