तीन पावलं मागे

घड्याळजीने डावा पाय मागे न्यायला म्हणून उचलला आणि तिथल्या तिथे परत खाली ठेवला. मागच्या बाकापाशी त्याचा मेव्हणा अजून उभा होता. दोन्ही पाय जुळवून, डोळे मिटून, पुस्तक छातीशी धरून.

उभ्याने मनात म्हणायची प्रार्थना संपली की तीन पावलं मागे सरकायचं, राजासमोरून निघावं तसं. पण मागच्याचं अजून चाललेलं असेल तर त्याच्यापासून चार हातांच्या आत शिरायचं नाही. त्याचं होईपर्यंत खांबासारखं उभं राहायचं. हे घड्याळजीला वडिलांनी लहानपणी कान धरून शिकवलं होतं आणि साठ वर्षांत त्याने ते एकदाही मोडलं नव्हतं. आज मोडावंसं वाटत होतं.

ज्यूंच्या त्या जुन्या सिनेगॉगच्या फाटकाबाहेर लेकीची गाडी उभी होती. डिकीत दोन सुटकेसा आणि अवजारांची पेटी, मागच्या सीटवर बायकोचा प्रेशर कुकर. लेक नको नको म्हणत असताना त्याने तो घेतला होता. आज प्रार्थना आटोपली की कोणाशी काही न बोलता गाडीत बसायचं आणि लेकीच्या गावी पोचल्यावर मेव्हण्याला फोन करायचा, असं त्याने ठरवलं होतं. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

शंभर माणसं बसतील एवढी जागा आणि रोज सकाळी येणारे जेमतेम दहाजण. ऐसपैस बसता आलं असतं. पण आजोबा-पणजोबांची जागा सोडायला कोणी तयार नव्हतं, त्यामुळे सगळे एकाच कोपऱ्यात एकमेकांच्या पाठी बघत उभे असायचे. घड्याळजीच्या पुढे बेकरीवाला. त्याचं केव्हाच उरकलं होतं, पण मागचा घड्याळजी हलत नाही म्हणून तोही जागेवर. तो एकदा खाकरला. मग आणखी एकदा, जरा जोरात. प्रार्थना चालवणारा हजान सगळ्यांचं होण्याची वाट बघत पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत होता.

दहा पुरुष नसतील तर मेलेल्या माणसासाठीचा कद्दीश म्हणता येत नाही. बायकोसाठी तीस दिवस म्हणायचा, तो घड्याळजीचा म्हणून झाला. ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिची आई गेली. लेकीचं मरण म्हातारीला सोसलं नाही. आईसाठी मुलाने अकरा महिने म्हणायचा असतो. मेव्हण्याचे सात झाले होते, चार राहिले होते. आणि घड्याळजी गेला की उरत होते नऊ.

एवढ्यासाठी त्याने लेकीला तीनदा परत पाठवलं होतं. प्रार्थना तर त्याची बायकोबरोबरच संपली होती. ओठ हलायचे, पानं उलटायची, तेवढंच. घरी जाऊन एक कप चहा करायचा, तो पिऊन कप धुवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन मोजणीला उभं राहायचं. कधी कधी वाटायचं, आपल्याऐवजी आपला कोट टांगून ठेवला असता तरी चाललं असतं.

शेवटी मागे बुटांचा आवाज झाला. एक, दोन, तीन. घड्याळजी सरकला, त्याच्यापुढे बेकरीवाला सरकला, आणि अडलेली सकाळ पुढे निघाली. अखेरीस मेव्हण्याने कद्दीश म्हटला. सगळे जागच्या जागी 'आमेन' म्हणाले.

घड्याळजीने शाल घडी करून पिशवीत घातली. एरवी ती बाकाखालच्या कप्प्यात जायची. आज त्याने ती काखेत मारली आणि भराभर बाहेर आला. पायरीवर मेव्हण्याने गाठलंच.

"दाजी, शाल घरी?"

"धुवायला."

"आणि कुकर? तोही धुवायला?"

घड्याळजी थांबला.

"येताना काचेतून दिसला," मेव्हणा म्हणाला. "ताईचाच तो. झाकणाची मूठ मीच बसवून दिली होती."

"म्हणून इतका वेळ उभा होतास?"

"माझं केव्हाच संपलं होतं."

"लाज नाही वाटत? देवासमोर नाटकं करतोस?"

"वाटते ना. पण तुम्हाला धरून ठेवायचं दुसरं काय होतं माझ्या हातात?"

"चार महिने राहिलेत, माहीत आहे मला!" घड्याळजीचा आवाज चढला. पायरी उतरणाऱ्या बेकरीवाल्याने पाय उचलले. "पण मी किती दिवस असा दावणीला बांधल्यासारखा राहू? घर खायला उठतं. मी गेलो की नऊ राहाल, ते रोज रात्री छातीवर बसतं माझ्या."

"नऊ नाही राहत. तो नवा चष्मेवाला आहे ना, तो येतो म्हणालाय. महिना झाला."

"महिना?"

"मीच म्हटलं, एवढ्यात नको."

घड्याळजीने पिशवीची चेन उघडली, आत बघितलं, बंद केली.

"म्हणजे महिनाभर मी उगाच..."

"उगाच." मेव्हण्याने बाहीवरचा दोरा चिमटीत धरून काढला. शिंपीकाम करणाऱ्याच्या अंगावर एक तरी दोरा असायचाच. "आई गेली, ताई गेली. सकाळी आल्या आल्या 'आजही उशीर का रे गाढवा' म्हणणारं आता दुसरं कोण आहे मला?"

घड्याळजीने पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली.

"जा तुम्ही. उद्यापासून येईल तो. पोरगी ताटकळलीय तिकडे."

घड्याळजी फाटकापर्यंत गेला. लेकीने आतून दार ढकलून उघडलं.

"बाबा, किती फोन केले! बसा पटकन, मला वेळेत ऑफिस गाठायचंय."

त्याने पिशवी सीटवर ठेवली. एक हात दारावर ठेवून तो तसाच उभा राहिला. मग मान वळवून पायरीकडे ओरडला,

"काय रे, चष्मेवाला आला आणि शिवाय मीही असलो, तर चालतं ना?"

"अकरा?"

"हो, अकरा."

"न चालायला काय झालं? दहाच्या वर कितीही असू देत."

घड्याळजीने मान हलवली आणि खाली वाकून दारातून लेकीकडे बघितलं.

"इंजिन बंद कर जरा," तो म्हणाला. "पेट्रोल जळतंय."