फळीखालच्या घोड्या

माझ्या सुनेला वळण नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगते, म्हणून इथेही लिहायला हरकत नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर येते तर माझ्या पलंगावर धुतलेली पांढरी चादर, आणि चादरीवर लोखंड. पाने, पकडी, पेचकस. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. दवाखान्यात नर्स आहे ती. ऑपरेशनची हत्यारं मांडतात तसं मांडून ठेवलं होतं.

"हे काय गं? कोण पेशंट आहे?"

"आई, चादर जुनीच आहे."

"जुनी तर मीही आहे. उद्या माझ्यावर मांड."

हसली आणि परत मोजायला लागली. राग येतो तो याचा. मी काही म्हटलं की ही एकतर हसते, नाहीतर "का?" म्हणते. ओला टॉवेल दारावर टाकू नकोस. का? दुपारची झाडू नकोस. का? सासूला कारणं मागणारी सून मी तरी पाहिली नव्हती. या घरात माझा शब्द कुणी खाली पडू दिलेला नाही. मुलगा अजून माझ्यासमोर मान वर करत नाही. आणि हे तर काय, मी "बसा" म्हटलं की खुर्ची आहे की नाही तेही न बघता बसायचे.

हे म्हणजे माझे मालक. गाड्यांचे मेकॅनिक. दिवसा गॅरेजात, सुट्टीच्या दिवशी घरच्या पोर्चमध्ये. पोर्चच्या भिंतीला त्यांनी एक मोठं फळकूट ठोकलं होतं. त्यावर एकेक हत्यार खिळ्याला टांगायचं आणि भोवती पांढऱ्या रंगाने त्याची बाह्यरेघ काढायची. पाना काढला की भिंतीवर पान्याच्या आकाराची जागा दिसायची. संध्याकाळी सगळ्या जागा भरल्याशिवाय हे हात धुवायचे नाहीत. असा माणूस. आणि गल्लीत आजही लोक काय म्हणतात? "चांगला होता हो, पण हयगय केली. विटांवर गाडी ठेवून खाली गेला." बावीस वर्षं म्हणतात. मी ऐकून घेते.

गाडी अंगावर पडून हे गेले तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता. आज गाडी चालवतो, पण कुणी बॉनेट उघडलं की उठून घरात जातो. ही गाडी सुनेच्या माहेरची, तिच्या वडिलांनी वापरलेली. सुनेचं या गाडीवर भारी प्रेम. फोनवर बघूनबघून शिकली आणि म्हणाली, आता गाडीचं सगळं काम मी घरीच करणार. मुलगा काही बोलला नाही. मी बोलले, पण उपयोग काय?

तर ती चादर. मी जवळ जाऊन एक पाना उचलला आणि जमिनीवर वाजवला.

"आई! नवीन आहे तो!"

"म्हणूनच वाजवते. आवाज ऐकलास? बद्द. दोनदा जोर लावलास की तोंड फाकेल याचं. कुठून आणलंस?"

"पार्सलने मागवलं. एकशे आठ वस्तूंची पेटी आहे."

"त्यातल्या शंभर तू उघडून बघायचीसुद्धा नाहीस. आठ ठेव, बाकीच्या परत पाठव."

"का?"

घ्या. पण या "का"चं उत्तर मला येत होतं. मी शाळेत दोन यत्ता गेले. आकडे खरे शिकले ते पान्यांवर. हे गाडीखाली झोपले की तिथून एक हात बाहेर यायचा, तळवा वर, आणि आवाज यायचा, "अगं, तेरा-चौदा." मी तेरा-चौदाचा पाना तळव्यावर ठेवायची, हात आत. म्हणून माझ्या मोजणीत दहानंतर बारा येतो आणि चौदानंतर सतरा. अकरा, पंधरा, सोळा कुणी कशाला काढलेत, मला अजून कळलेलं नाही. अजूनही दुपारी पोर्चमध्ये गेले की माझी नजर आधी जमिनीलगत जाते. कुणी तिथे नसतं. मला ठाऊक असतं. तरी जाते.

त्याच दिवशी दुपारी आम्ही दोघी हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदार तिच्याकडे बघून हसला आणि एक गुलाबी मुठींचा संच काढून ठेवला.

"हा बायकांना आवडतो," म्हणाला.

"आम्हाला गाडी खोलायची आहे," मी म्हटलं, "बाहुलीची वेणी नाही घालायची."

मग नीट दाखवायला लागला. मी एकेक हातात घेऊन बाजूला ठेवत गेले. एका बाजूने उघडा आणि दुसऱ्या बाजूने रिंग, असे पाने, आठपासून एकोणीसपर्यंत, मधले उगीचचे वगळून. गोट्या, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखे बसतात ते सॉकेट, घेताना तिने बारा कोनांच्या उचलल्या. मी काढून घेतल्या.

"सहा कोनांच्या घे."

"का?"

"गंजलेल्या बोल्टवर बारा कोनांची फिरते आणि बोल्ट गोल करून ठेवते. सहाची धरून बसते. तू सलाईनची सुई शीर न बघता टोचतेस का?"

तिने सहा कोनांच्या मोजून घेतल्या. मग एक पक्कड, दोन पेचकस, लांब दांड्याचा एक पाना चाकांसाठी. आणि जॅक. जॅक तिने स्वतः निवडला, बसक्या बुडाचा, चांगला निवडला. मला मनातून बरं वाटत होतं, खोटं का बोलू? बावीस वर्षांनी कुणीतरी मला पान्यांबद्दल विचारत होतं.

तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "आणि घोड्या? नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका ताई."

त्याने खालच्या फळीवरून घोड्यांची जोडी काढून काउंटरवर ठेवली. तीन पायांच्या, लोखंडी, मधल्या दांड्याला उंची धरून ठेवणारे दात. गाडी जॅकने उचलायची आणि या तिच्या खाली टेकवायच्या. ठेवताना ठण्ण असा आवाज झाला. मी पिशवीचं तोंड आवळून बांधायला लागले.

"आई, बाबांच्या असतील ना घरी? फळकुटावर खाली ते पोतं टांगलंय, त्यामागे दोन आकार आहेत बघा असेच."

म्हणजे हिने पोतं उचलून बघितलं होतं.

"नाहीत," मी म्हटलं. "आणि आज नको या. ओझं झालंय. चल."

कधी नव्हे ते नेमकं तेव्हा तिने "का" विचारलं नाही. "बरं," म्हणाली आणि पिशवी उचलली.

पुढच्या रविवारी मुलगा कामासाठी बाहेर गेला होता. मी जेवून जरा आडवी झाले होते. डोळा लागला की नाही सांगता येत नाही, पण पोर्चमधून ठक ठक ऐकू आलं. हे मला नेहमीच ऐकू येतं, त्यामुळे मी पडून राहिले. मग लक्षात आलं की हा आवाज थांबत नाहीये.

बाहेर आले. गाडीचं पुढचं तोंड वर उचललेलं. जॅक बाजूला काढून ठेवलेला. पुढे दोन्हीकडे चार-चार विटा एकावर एक, अगदी ओळंब्यात, कडा जुळवून. शेजारी पांढरी चादर, तिच्यावर हत्यारं. आणि गाडीखालून एक हात बाहेर आला, तळवा वर.

"आई, तुम्ही आहात ना? पाय दिसले. सतरा द्या."

मी पाना नाही दिला. खाली बसले आणि तो हात दोन्ही हातांनी धरला.

"बाहेर ये."

"का? बोल्ट निम्मा सुटलाय. दोनच मिनिटं."

"बाहेर ये म्हणते ना!"

"आई, मला माहीत आहे तुम्हाला कशाची भीती वाटते. पण बाबांनी घाई केली होती. हे मला सांगत असतात ना. मी नीट लावल्यात विटा, हलवून बघितल्यात."

हे म्हणजे माझा मुलगा. बापाबद्दल तो बायकोला हेच सांगत होता. त्याला दुसरं सांगितलंच कुणी होतं?

"त्यांनी घाई नाही केली," मी म्हटलं. "त्यांनी माझं ऐकलं."

हात माझ्या हातात होता. हलला नाही.

"त्या दिवशी माझ्या कापायच्या टेबलाचा पाय मोडला होता. मी शिवण करायची तेव्हा. एकीच्या पडद्यांचं कापड आलं होतं. मी फळकुटावरून घोड्या काढल्या, त्यांच्यावर फळी टाकली आणि कापड पसरलं. खडूच्या रेघा मारून झाल्या होत्या. हे आत आले, म्हणाले, घोड्या हव्यात गं. मी म्हटलं, कापड हललं तर रेघा पुसतील, विटा घ्या आज. ते म्हणाले, विटा नको गं. मी म्हटलं, एक दिवस विटा घेतल्या तर काय बिघडतंय? मग गेले. एवढंच. 'का' म्हणून विचारलं नाही. वीट आधी आवाजसुद्धा करत नाही. लोखंड निदान करकरतं."

मग हात सुटला, आणि ती पाठीवर सरपटत बाहेर आली. कपाळावर काळं. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला शिवणारही नाही.

"आणि घोड्या?" तिने हळूच विचारलं.

मी उठले. मागच्या अंगणात गेले. तिथे एक फळी आहे, तिच्यावर माझ्या तुळशीच्या, जास्वंदीच्या कुंड्या. फळीला आधार कशाचा, हे बावीस वर्षांत कुणी वाकून बघितलं नाही. मी त्या घोड्यांना दोनदा पांढरा रंग दिला होता. परत फळकुटावर टांगल्या असत्या तर कुणीही विचारलं असतं, घरात घोड्या होत्या तर मग विटा कशाला? म्हणून मी त्या फुलांखाली उभ्या करून ठेवल्या आणि गल्लीला माझ्या मालकांना हयगयी म्हणू दिलं.

कुंड्या मी एकटीनेच उतरवल्या. ती मागोमाग आली, पण हात लावू का, असं विचारलं नाही. बरं केलं. घोड्या ओढून पोर्चमध्ये आणल्या. तिने एक घोडी उचलून फळकुटावरचं पोतं बाजूला केलं आणि भिंतीवरच्या आकारावर धरली. रेघेला रेघ बसली.

"तेल घालावं लागेल," ती म्हणाली. "रंगही खरवडावा लागेल. दात झिजलेत का बघते, नाहीतर नव्या आणू."

"बघ."

तिने जॅक लावला, गाडी उचलली, विटा काढून एकेक करून फाटकाबाहेर नेऊन ठेवल्या. घोड्यांचे दात तपासले, दोनदा. मग त्या खाली टेकवल्या आणि गाडीला खांद्याने धक्का देऊन बघितला. मी चादरीवरून सतरा उचलून हातात धरून उभी होते.

"हे संध्याकाळी येतील," ती म्हणाली. "त्यांना मी सांगू का?"

"मी सांगेन. त्याच्या बापाबद्दल त्याला मीच सांगेन."

"पण आई, आता..."

"तू जरा गप्प बस आणि ऐक," मी म्हटलं. "तुला वळण नाही. मोठ्यांचं ऐकत नाहीस, प्रत्येक गोष्टीला उलटून 'का' विचारतेस. तशीच राहा. त्या दिवशी दुकानात मात्र विचारायला विसरलीस, ते पुन्हा करू नकोस."