पाटावर राहिलेला चेंडू

मित्रांनो, जरा जवळ या. मोठ्याने बोलायची मला भीती वाटते.

मी एक जुना चेंडू आहे. गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता, तपकिरी, पाठीवर पांढऱ्या नाडीची वीण असलेला, अमेरिकन फुटबॉलचा चेंडू. नाव फुटबॉल असलं तरी या खेळात मला पाय फार लागत नाही. मला छातीशी धरून पळतात किंवा लांब फेकतात. काही क्षण धावपळ होते, कुणीतरी आडवा पडतो, शिट्टी वाजते आणि सगळे थांबतात. मग पुन्हा मांडामांड. माझी गोष्टही तशाच तुकड्यांनी येईल. फार भीती वाटली की मी थांबेन.

अमेरिकेतल्या एका लहान गावात माझा जन्म झाला. आम्हाला आधी उलटं शिवतात, मग वाफ देऊन सुलटं करतात. म्हणजे जगात येताच माझी आतली बाजू ओढून बाहेर काढली गेली. तेव्हापासूनच मी घाबरट असेन.

हार्लन बे नावाच्या बर्फाळ शहरात निशिकांत शिकायला होता. त्याने मला तिथे विकत घेतलं. त्या शहराचा व्यावसायिक संघ म्हणजे ऑटर्स, पाणमांजरं. निशिकांत खेळाडू नव्हता, पण बर्फात मित्रांबरोबर मला फेकायचा आणि हसत पडायचा. माझे तेच चांगले दिवस. पुढे त्याला सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली, लग्न झालं, ऋता झाली. आता मी सेम्बावांगमधल्या एका फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर राहतो. या शहरातही पाणमांजरं आहेत. ती रस्ता ओलांडतात आणि कॉन्डोच्या तळ्यातले मासे खातात. म्हणून ऋतालाही हा संघ आपलाच वाटतो.

शिट्टी.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत एक लोखंडी झडप आहे. तिच्यातून कचरा टाकतात. तो थेट खाली जातो. आधी खरवडल्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग धप्प.

माझ्याशेजारी ऑटर्सची एक निळी टोपी असायची. सामना बघताना निशिकांत ती उलटी घालायचा, म्हणजे संघ जिंकतो म्हणे. मागच्या हंगामात संघ हरतच गेला. एका सोमवारी त्याने टोपी डोक्यावरून काढली, स्वयंपाकघरात गेला, आणि मी तो आवाज ऐकला. मधला शांत वेळही ऐकला.

तेव्हापासून मला एक कळलं आहे. या घरात नशिबाची वस्तू होणं फार धोक्याचं असतं.

शिट्टी.

या हंगामाचे पहिले चार सामने ऑटर्स हरले. अमेरिकेत रविवारी सामना होतो तेव्हा इथे सगळे झोपलेले असतात. म्हणून सोमवारी पहाटे उठून हे लोक झालेला सामना बघतात. तोवर कुणी फोन बघायचा नाही, बातमी ऐकायची नाही, हा घरातला कडक नियम. निकाल लागून गेलेला असतो. खेळाडू आंघोळ करून घरी गेलेले असतात. तरी इथे चहा हातात धरून हे लोक देवाचं नाव घेतात. मला ते विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

खंडेनवमीला निशिकांतच्या बायकोने, स्मिताने, पाट मांडला. आंग मो किओतल्या कंपनीत ती इंजिनिअर आहे. तिने स्वतःचा लॅपटॉप, निशिकांतचा कॅल्क्युलेटर, विळी आणि ऋताची कंपासपेटी ठेवली.

"बाबाचा बॉलपण ठेव ना," ऋता म्हणाली. "सो पुअर थिंग, ऑल लूझ."

"अगं, हे काय शस्त्र आहे?" स्मिता हसली. "बरं, ठेव. निदान संघाची लाज तरी राखेल."

मला हळद-कुंकू लागलं, टेक्का बाजारातून आणलेलं झेंडूचं फूल मिळालं. मी कशाच्या कातड्याचा आहे ते कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करून बाकीच्या वस्तू उचलल्या. मला मात्र ऋताने त्याआधीच वेगळ्या पाटावर टीव्हीखाली बसवलं होतं, आणि मी तिथेच विसरला गेलो. सोमवारी ऑटर्स जिंकले. स्मिता मला उचलायला वाकली तर निशिकांत ओरडला, "हात लावू नकोस!"

"अरे, पण उत्तरपूजा राहिलीय त्याची."

"राहू दे. हंगाम संपला की करू."

ऑटर्स पुढचाही सामना जिंकले. त्याच्या पुढचाही. मी हललो नाही. मला हलायची सोय नव्हती. दर सोमवारी फूल बदलायचं. कुंकू कातड्याच्या छिद्रांत मुरलं. हवा भरायची तर हात लावावा लागेल, म्हणून कुणी भरली नाही, आणि मी हळूहळू मऊ पडत गेलो. सगळे माझं कौतुक करत होते. मी मात्र स्वयंपाकघराकडे कान लावून होतो. कधीतरी हे हरणारच ना?

शिट्टी. शिट्टी.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझी वीण सैल होते.

नोव्हेंबरमधल्या एका सोमवारी सामना संपल्यावर स्मिताने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "निशी, मला डाव्या बाजूला गाठ लागतेय. काखेजवळ."

टीव्हीवर लोक नाचत होते. निशिकांतने आवाज बंद केला. लोक नाचतच राहिले.

तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला. 'लवकर सापडलंय,' हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं की त्याचीच भीती वाटू लागली. ऑपरेशन जानेवारीतल्या एका सोमवारचं ठरलं.

एका संध्याकाळी घरात कुणी नसताना ऋता माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. तिने मला बोटही लावलं नाही. इतक्या जवळ आली की तिचा श्वास लागत होता.

"ऐक," ती कुजबुजली. "लास्ट मॅच ऑटर्स जिंकले तर आई नीट होणार. ओके? यू प्रॉमिस, आह."

मी चेंडू आहे. माझ्यात फक्त हवा आहे, आणि तीही कमी होत होती. मी कसलं वचन देणार? पण 'नाही' म्हणायलाही मला तोंड नाही. तिने ते 'हो' समजलं.

झडपेची भीती त्या दिवशी लहान झाली. ही भीती तिच्याहून मोठी होती.

शिट्टी.

शेवटचा सामना ऑपरेशनच्याच सोमवारी आला. हॉस्पिटलची बॅग दाराशी तयार होती. स्मिताने रात्रीपासून पाणीही घेतलं नव्हतं, म्हणून कुणीच चहा केला नाही. जिंकले तर ऑटर्स बाद फेरीत जाणार होते, हरले तर हंगाम संपला. निशिकांतने रिमोट उचलला.

ऋता टीव्हीसमोर आडवी येऊन उभी राहिली.

"नको लावू."

"का गं? आईला निघायच्या आधी बघायचाय."

"नको! नाही बघितलं तर हरले नाहीत ना अजून!"

निशिकांतने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याचाही हात खाली आला. तेव्हा मला कळलं, त्यानेही मनात काहीतरी ठरवून ठेवलं होतं. त्याचंही वचन मीच दिलं होतं, मला न विचारता.

"काय चाललंय तुमचं?" स्मिता म्हणाली. मग तिला समजलं. ती ऋताजवळ जमिनीवर बसली. "चेंडूला काय सांगितलंस?"

ऋता रडत सगळं बोलली.

"अगं वेडे, सामना तर होऊन गेलाय. आपण डोळे मिटले म्हणून बदलणार आहे का? माझा रिपोर्टही मी उघडायच्या आधीच छापलेला होता." तिने ऋताला जवळ ओढलं. "मलाही भीती वाटतेय. खूप. पण ती या बिचाऱ्याच्या डोक्यावर कशाला? बघ, पार बसलाय तो."

मग तिने देवघरातून अक्षतांची वाटी आणली, चिमूटभर अक्षता माझ्यावर टाकल्या आणि म्हणाली, "पुनरागमनाय च." दोन्ही हातांनी तिने मला पाटावरून उचललं. इतक्या महिन्यांनी! तिचे हात गार होते.

"मीन्स व्हॉट?" ऋताने डोळे पुसत विचारलं.

"परत येण्यासाठी. पूजा उठवताना म्हणतात. आता जा, पण परत ये."

ऋता उठली, वाटीतल्या उरलेल्या अक्षता घेतल्या आणि आईच्या डोक्यावर टाकल्या.

"पुनरागमनाय च," ती म्हणाली. "यू मस्ट, हं."

निशिकांतने तोंड भिंतीकडे फिरवलं. सामना न बघताच ते निघाले. ऋताही गेली. मी सोफ्यावर होतो. दार बंद झालं आणि मी घाबरलो, पण माझ्यासाठी नाही.

शिट्टी.

ऑटर्स हरले होते. संध्याकाळी निशिकांत कपडे न्यायला एकटा घरी आला तेव्हा ते फोनवर कुणालातरी म्हणाला. मग मला हातात घेऊन स्वयंपाकघरात शिरला. झडप उघडली. मी तो अंधार पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

त्याने आत टाकली ती सुकलेली झेंडूची फुलं. झडप लावली. मग ओट्याला टेकून, मला छातीशी धरून खूप वेळ उभा राहिला. बर्फात धरायचा तसा.

स्मिता परत आली. काही आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टने सांगितलं, हात हलता ठेवा, मऊ चेंडू दाबा, मग हळूहळू फेका. मऊ चेंडू! हवा गेल्याची एवढे दिवस मला लाज वाटत होती. आता तेच उपयोगी पडलं.

आता रोज संध्याकाळी आम्ही इमारतीखालच्या मोकळ्या जागेत जातो. तिथल्या खांबावर 'चेंडू खेळायला मनाई' अशी पाटी आहे. परवा बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, "आंटी, हिअर कॅनॉट प्ले बॉल, लाह."

"अंकल, धिस इज नॉट प्लेइंग. मेडिसिन!" स्मिता म्हणाली.

"मेडिसिन सो अग्ली वन," तो म्हणाला आणि तिथेच बसून बघत राहिला.

पुढची तपासणी अजून व्हायची आहे. तिचा दिवस जवळ आला की घरात सगळे हळू बोलतात. मीही घाबरतो. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी वस्तू अशी कोपऱ्यात बसवलेली असेल, कुणी हात न लावलेली, तुमच्या सगळ्यांची भीती डोक्यावर घेतलेली. तिला उचला. आम्हाला निकाल बदलता येत नाहीत. आम्हाला फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाता येतं. तेवढं करू द्या.

स्मिता डावा हात हळूच उचलते. दुखतं तेव्हा ओठ चावते. फार लांब जात नाही मी, दोन-तीन पावलंच. पण प्रत्येक वेळी मी हवेत असताना समोरून ऋता ओरडते, "पुनरागमनाय च!" आणि मला झेलून परत आईकडे फेकते.