मागची गाडी

राजाचा धाकटा भाऊ म्हणजे नक्की काय, असं कोणी विचारलं की मी सांगतो, मागच्या गाडीतला माणूस. लोक हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करतोय. थट्टा कसली डोंबलाची! आमच्या घराण्यात नियमच आहे. गादीवरचा आणि त्याच्या मागोमागचा, अशा दोघांनी एका वाहनात बसायचं नाही. एकाचं काही बरंवाईट झालं तर दुसरा शिल्लक राहिला पाहिजे. शिल्लक राहणं हेच माझं काम, आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी ते इमानेइतबारे केलं.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. शाळा एक, वेळ एक, रस्ता एक, गाड्या मात्र दोन. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून तो मला जीभ काढून दाखवायचा, मी त्याला वाकुल्या दाखवायचो. वळण आलं की तो दिसेनासा व्हायचा. आमचं एकत्र खेळणं ते एवढंच. जेवणसुद्धा वेगवेगळ्या स्वयंपाकघरांतून यायचं, म्हणजे विषबाधा झालीच तर एकालाच व्हावी. आई तेवढी चिडायची. "मी पोर जन्माला घातलंय, स्टेपनी नाही!" असं वडिलांना तोंडावर म्हणायची. वडील पेपर वाचत राहायचे.

ते गेले तेव्हाही मी मागच्याच गाडीत होतो. हॉस्पिटलात वर पोचलो तर सगळे दादाला 'महाराज' म्हणायला लागले होते. वडिलांचं तोंडही झाकून झालं होतं. मी कोपऱ्यात उभा राहून रडत होतो, तर खासगी सचिव जवळ येऊन हळूच म्हणाले, "धाकटे महाराज, बाहेर फोटोवाले आहेत. जरा डोळे पुसून घ्या." त्या दिवशी मी ठरवलं, आईच्या वेळेला उशीर होऊ द्यायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

बाकी आयुष्य बरं गेलं म्हणायचं. दादा धरणाचं उद्घाटन करायचा, मी धरणावरच्या उपाहारगृहाचं. तो परदेशी राष्ट्राध्यक्षांना भेटायचा, मी त्यांच्या मेव्हण्याला. लग्नही एकदा ठरत आलं होतं. ती दातांची डॉक्टर होती, बोलायला फटकळ. वर्षभर तिने माझे दिवस बघितले आणि एकदा विचारलं, "तुम्ही नक्की कशाची वाट बघताय?" आता काय सांगणार? भाऊ मरण्याची? मी गप्प बसलो आणि तिने दुसऱ्याशी लग्न केलं. छान चाललंय तिचं.

गेल्या महिन्यात पुतण्याला अठरा पूर्ण झाली. मोठा समारंभ झाला, भाषणं झाली. खासगी सचिवांनी माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. एरवी हा माणूस इतका कोरडा की काही विचारू नका. मला वाटलं, चला, निवृत्तीच्या तोंडावर का होईना, माणसात आला.

आणि परवा दुपारी नर्सचा फोन आला. वडील गेल्यापासून आई तलावातल्या बेटावरच्या घरात राहायची. राजवाड्यात जीव गुदमरतो म्हणायची. "लवकर या," नर्स म्हणाली, "सारखी दोघांची नावं घेताहेत." मी होतो तसा निघालो. पायात चपला घरातल्या. धक्क्यावर दादाच्याही आधी पोचलो, बघा! दोन लाँच उभ्या होत्या. पाण्यावर धुकं उतरायला लागलं होतं आणि मला दिसत होतं की फार वेळ नाही.

दादा आला, पुढच्या लाँचमध्ये चढला आणि मागे वळून माझ्याकडे बघत राहिला.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी आलोच."

तो काहीतरी बोलणार होता. पण मी मागच्या लाँचवाल्याकडे धावलो, इंजिन चालू कर म्हणून सांगायला. पुढची सुखरूप पोचल्याचा निरोप आल्याशिवाय मागची सोडायची नाही, हाही नियमच. निरोप आला तेव्हा धक्क्याचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

"नाही जमणार, महाराज," लाँचवाला म्हणाला. "आपटू कुठेतरी खडकावर."

मी त्याला शिव्या घातल्या, हात जोडले, पुन्हा शिव्या घातल्या. "अरे, मी राजाचा भाऊ आहे!" असंही ओरडलो. "म्हणूनच नेत नाही," तो म्हणाला. बेटावर फोन लावला, कोणी उचलेना. सगळे तिच्याच खोलीत असणार. मग मी एका ओल्या बाकावर बसून राहिलो आणि मनातल्या मनात आईला सांगत राहिलो, थांब गं थोडी, येतोय मी. एवढं मी आयुष्यात कोणाला विनवलं नव्हतं.

धुकं संध्याकाळी विरलं. बेटावर पाऊल ठेवलं आणि नर्सने नुसतं खाली बघितलं. मला कळलं. तरी मी जिना धावत चढलो.

दादा पलंगाशेजारी खुर्चीत बसला होता. आईचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर ते गार लागलं.

"तू माझ्याबरोबर का नाही आलास?" दादाने विचारलं.

"का म्हणजे? नियम नाही का?"

"कुठला नियम? आता माझ्या मागचा तू कुठे राहिलास? अठरा झाली ना माझ्या पोराला. आता त्याने वेगळं जायचं." त्याने माझ्याकडे बघितलं. "सचिवांनी सांगितलं नाही तुला?"

नाही. कोणी म्हणजे कोणीच सांगितलं नव्हतं. महिनाभर मी शिल्लकसुद्धा नव्हतो, आणि मला पत्ता नव्हता.

"मग हाक मारायची ना!" मी ओरडलो. आई तिथे तशी निजलेली, तरी ओरडलो. "एक हाक मारता आली नाही तुला?"

"लाँच थांबवून ठेवली होती मी. वाटलं, येशील उडी मारून. तू पाठ फिरवून चालायला लागलास." त्याचा आवाज फाटला. "मला वाटलं, तुला माझ्याशेजारी बसायचंच नाहीये. इतकी वर्षं मागे ठेवलं, राग तर असणारच."

"आहेच राग. पण आईपुढे कसला राग घेऊन बसलास?"

तो नाक पुसत म्हणाला, "शुद्धीवर होती ती. धाकटा कुठे, म्हणून विचारलं. मला तिच्याशी खोटं बोलवेना रे. मी म्हटलं, तो माझ्याबरोबर यायला नको म्हणाला."

"मग?"

"म्हणाली, 'भांडलात का रे दोघं?' आणि मी काही बोलायच्या आत..."

त्याने हाताने तोंड झाकलं. मी मटकन खाली बसलो, पलंगाच्या कडेला डोकं टेकून. नाही गं आई, भांडलो नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. एकदा नाही, कितीदा तरी म्हणालो. भांडायला आम्हाला कधी कोणी शेजारी बसू तरी दिलं होतं का? पण ती गेली ती आपली पोरं भांडली असंच समजून, आणि ते दुरुस्त करणं आता कोणाच्या बापाला जमणार नाही.