वास न्हाय

सिद्धारामच्या हायवेकडेच्या गॅरेजात विजेवरची गाडी आली होती. बॉनेट उघडं होतं, गाडी चालू होती, आणि तिचा कसलाही आवाज येत नव्हता. आतल्या पडद्यावर उमटलेली हिरवी अक्षरं, एवढाच तिच्या जिवंतपणाचा पुरावा. सिद्धाराम तिच्यावर वाकून, डोळे मिटून उभा होता. तीस वर्षं गाड्या त्याच्याशी बोलत आल्या होत्या. ही पहिलीच, जी काहीही सांगत नव्हती.

"रबर जळल्यासारखा वास," गाडीची मालकीण श्रावस्ती म्हणाली. ती उमरग्याच्या महाविद्यालयात शिकवायची. "मला नाही येत हो मामा, चार दिवस नाक चोंदलंय. लेकीला येतो. शोरूममध्ये कॉम्प्युटर लावला, म्हणे काही दोष नाही. पण सात वर्षांचं लेकरू खोटं कशाला बोलेल? रोज मागं तीच बसते."

"मॅडम, तुमी बिनघोर ऱ्हावा," शेडच्या कडेला पंक्चर काढत बसलेला गौरीशंकर म्हणाला. "आमच्या सिद्ध्याचं नाक लई तिखट. गाडी फाट्यावर असती, अन् ह्यो हितनं सांगतो, क्लच जळालाय का पट्टा!"

सिद्धाराम हसला नाही.

साथीच्या दुसऱ्या वर्षी तापातून तो उठला तेव्हा जगातला वास निघून गेला होता. पेट्रोलचा, मातीचा, बायकोच्या फोडणीचा. त्याने कोणालाच सांगितलं नाही. इंजिनं आवाजावरून कळत होती, बाकीचं हातांना कळत होतं. नाव टिकून राहिलं. मग गेल्या उन्हाळ्यात गौरीशंकर आपली वडापची जीप घेऊन आला. म्हणाला, काहीतरी करपल्यासारखं वाटतंय. सिद्धाराम वाकला, सवयीने श्वास ओढला, आणि म्हणाला, "वास न्हाय, जा." दुसऱ्या दिवशी नळदुर्गच्या अलीकडे जीप पेटली. माणसं उड्या टाकून वाचली. गौरीशंकरचा उजवा तळहात मात्र भाजून कायमचा गुळगुळीत झाला. सिद्धारामने त्याला आपल्याच शेडमध्ये जागा दिली. गावाने ह्या मोठेपणाचं कौतुक केलं. ते त्याने मान खाली घालून ऐकलं, आणि लोकांना त्यातही विनयच दिसला.

त्याने गाडी हायवेवर एक फेरी मारून आणली. मग बाटलीतलं पाणी हातावर घेऊन एकेका चाकावर शिंपडलं. तीन चाकांवरून ते निमूट ओघळलं. पुढच्या डाव्या चाकावर चर्र झालं आणि वाफ उठली.

"ब्रेक धरलाय, मॅडम. तुमची गाडी मोटरवरच हळू व्हत जाती, ब्रेक कामालाच येत न्हाय. धूळ बसली की ब्रेकच्या पिना अडकत्यात. बसून खाणाऱ्या माणसाचे गुडघे धरत्यात, तसं."

पिना घासून, ग्रीस लावून झालं. पुन्हा फेरी, पुन्हा पाणी. चाक गप्प राहिलं.

"गेला ना वास?" श्रावस्तीने विचारलं.

सिद्धाराम वाकला. हवा आत गेली. गरम, छातीभर आणि पूर्ण कोरी. एक होकार पुरे होता. चाकाचा दोष खराच सापडला होता, कदाचित तेवढाच असेल. मागच्या सीटवर पावसाळी बुटांची एक छोटी जोडी आडवी पडली होती. ती त्याने पाहिली नसती तर बरं झालं असतं.

"गौऱ्या, हिकडं ये. तू वास घे."

"म्या? नवरदेव मांडवात अन् हार माझ्या गळ्यात व्हय?"

"घे म्हणतो न्हवं."

गौरीशंकर हात पुसत आला. चाकापाशी बसला, उठला. "चाकाला काय न्हाय." मग तो बॉनेटकडे वळला, आणि चेहरा आक्रसला. "हाय की! हितं, खाली, बॅटरीच्या अंगाला. केवढा उग्र! तुला येत न्हाय?"

सिद्धारामने गाडी बंद केली, बॅटरीची जोडणी सोडली. मोटरच्या, जिवावर बेतू शकणाऱ्या जाड नारंगी तारांना त्याने हात लावला नाही. त्यांच्या खालून, कोणीतरी नंतर बसवलेल्या मोठ्या हॉर्नची एक बारीक तार गेली होती. पत्र्याच्या धारेवर घासून तिचं आवरण मऊ पडलं होतं. बोट लावताच बोट काळं झालं. त्याने हॉर्न काढला, तार मुळापासून काढली.

"आता कंपनीचा हॉर्नच वाजंल, मॅडम. लेकीला बसवा. पर येकडाव शोरूमला दावा, अन् ही तार त्यांच्या हातात द्या."

"मामा, तुम्ही नसता तर..."

"म्या न्हाय. ह्यानं हुडकलं."

गौरीशंकर त्या तारेकडे बघत होता. "सिद्ध्या, माझ्या डोळ्याला पाणी आलं. तू तर तोंड घालून हुबा होतास."

"मला वास येत न्हाय, गौऱ्या."

"आज?"

"साथीच्या सालापास्नं. कशाचाच न्हाय."

हायवेवरून एक लांबलचक कंटेनर गेला. तो संपेपर्यंत गौरीशंकर ओठांतल्या ओठांत सालं मोजत राहिला.

"जीप?"

"तवाबी न्हवता येत."

श्रावस्तीला ह्या बोलण्यामागचं काही माहीत नव्हतं. पण तिथे आपण असू नये एवढं तिला कळलं. तिने पैसे बाकावर ठेवले, हात जोडले. तिची गाडी जितक्या नि:शब्दपणे आली होती तितक्याच नि:शब्दपणे गेली.

"सांगणार हुतो," सिद्धाराम म्हणाला. "रोज सकाळी तू कुलूप काढाया आलास, की वाटायचं आज सांगू. मग तूच चा सांगायचास."

गौरीशंकरने खिळ्यावरचा सदरा काढला. बटणं लावायला त्याला नेहमीच वेळ लागे. उजवा हात नीट मिटत नसे. सिद्धाराम मदतीला पुढे झाला आणि अर्ध्यात थांबला.

"शिव्या दे, गौऱ्या. कायतरी बोल. उद्याच्याला येशील न्हवं?"

शेवटचं बटण तसंच सोडून गौरीशंकरने पायात चपला सरकवल्या. रस्त्याच्या कडेला दोन ट्रक जाऊ दिले, आणि मागे न बघता तो पलीकडे चालू लागला.