दोन शब्द आणि एक खट्

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझं थांबवायचं बटण झिजून गुळगुळीत झालं आहे.

माझा जन्म जपानच्या कारखान्यातला. जर्सी सिटीत शिकणाऱ्या सुनेत्राने मला विकत घेतलं. तिचे आईवडील पुण्याहून पत्राऐवजी कॅसेट पाठवत, आणि ती उत्तर भरून पाठवी. मध्येच कुकरची शिट्टी झाली तरी ती मला थांबवत नसे. मला वाटे, सगळी माणसं असंच ऐकतात.

१९८४ साली तिने मला तिच्या मैत्रिणीला, एलेनीला वापरायला दिलं. एलेनीला त्यांच्या ग्रीक चर्चच्या हॉलमध्ये एकपात्री नाटक करायचं होतं. लहानपणी तुर्कस्तानातलं गाव सोडावं लागलेल्या ग्रीक बायकांच्या आठवणी ती सांगणार होती. सुरुवात घरच्या आजीपासून. एलेनी तिला याया म्हणे.

यायाने जर्दाळूची झाडं सांगितली. निघताना घरच्यांनी घराची किल्ली शेजारणीला देऊन, परत येईपर्यंत कोंबड्यांना दाणे घाल म्हटलं, तेही सांगितलं. मग आईचा विषय निघाला आणि तिच्या तोंडची ग्रीक भाषा थांबली. ती तुर्कीत गुणगुणू लागली.

खट्. एलेनीने मला थांबवलं.

"याया, ज्यांनी हाकललं त्यांचीच भाषा? चर्चच्या हॉलमधले लोक काय म्हणतील?"

"आमच्या घरात दुसरी होती कुठे, बाळा? ग्रीक मी ग्रीसला बोटीतून उतरल्यावर शिकले. आईने मला ह्याच भाषेत निजवलं."

"ते नंतर घेऊ."

पाच रविवार असंच झालं. आई आली की तुर्की, आणि तुर्की आली की खट्. सगळंच टेप होऊ दे, असं सुनेत्रा एकदा म्हणालीसुद्धा. एलेनीने ते हसण्यावारी नेलं. मला आपणहून चालू होता येत नाही.

त्या हिवाळ्यात याया गेली.

वसंतात प्रयोग झाला. हॉल भरला, लोक रडले, माझंही कौतुक झालं. शेवटी पहिल्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत एलेनीजवळ आली. ती यायाच्याच गावची होती.

"सगळं बरोबर सांगितलंस, पोरी. पण तुझ्या आजीची अंगाई कुठे आहे? बोटीवर आम्ही बारकी पोरं रडू लागलो की ती म्हणायची. मला शब्द आठवत नाहीत. त्यासाठीच आले होते."

घरी आल्यावर एलेनीने मला मांडीवर घेतलं. अंगाईचे दोन शब्द वाजले. मग खट्. तिने कॅसेट मागे नेली. पुन्हा दोनच शब्द.

सुनेत्राने मला कधी परत मागितलं नाही. आता मी एलेनीच्या कपाटात असतो. मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस कुठल्याही भाषेत गुणगुणू लागलं, तर बटणावरचं बोट उचला. माझ्यात जागा होती हो. त्या कॅसेटची दुसरी बाजू अजून कोरी आहे.