माझ्या छपराचा तळचा थर

मित्रांनो, माझे वय मला विचारू नका. लपवायचे आहे म्हणून नव्हे, मलाच ते ठाऊक नव्हते म्हणून. मी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या हॅदरलेक गावातले मातीचे, गवताच्या छपराचे एक जुने घर.

जन्माचे आठवते ते एवढेच: तांबडी माती, तिच्यात कालवलेले काड आणि ती तुडवणारे बैलांचे खूर. माणसांनी तो चिखल दगडी जोत्यावर गुडघाभर उंच रचला आणि निघून गेली. मला वाटले, विसरली की काय! पण ती थर वाळायची वाट पाहत होती. तो वाळला की त्यावर दुसरा. असे करत दोन उन्हाळ्यांत माझ्या दोन हात जाड भिंती उभ्या राहिल्या. घाई केली असती तर मी माझ्याच वजनाने खाली बसले असते.

वर आले गव्हाच्या काडाचे छप्पर. आमच्याकडे छप्पर जुने झाले की वरचे कुजलेले तेवढे काढतात आणि त्यावर नवा थर शाकारतात. तळच्या थराला कुणी हात लावत नाही. त्यामुळे माझ्या डोक्यावर काय काय साठले आहे, याचे मला फार कुतूहल. कोणता थर कुणाच्या शेतातला? सर्वांत खाली काय असेल? वळचणीतल्या चिमण्यांना ठाऊक असावे, पण त्या एकीचे दुसरीला ऐकू देतील तर शपथ!

किती कुटुंबे आली आणि गेली. दुसरे महायुद्ध संपल्यावर विल्फ आणि थर्झा एंडाकॉट राहायला आले. विल्फ शेतांवरून दुधाचे कॅन गोळा करायचा. थर्झा दर मे महिन्यात मला बाहेरून चुना द्यायची. संध्याकाळी तिचे हात भाजल्यासारखे लाल व्हायचे. विल्फ ते पाहायचा आणि हळहळायचा.

एकदा थर्झा बहिणीच्या बाळंतपणाला गेली. त्या दोन आठवड्यांत विल्फने पदरमोड करून सिमेंट आणले आणि मला चारी बाजूंनी गुळगुळीत गिलावा केला. ती परतली तेव्हा तो दारातच उभा होता.

"घे! आता जन्मभर चुन्याला हात लावायचं काम नाही."

थर्झाने गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "छान केलंस हो." आणि चुन्याची बादली तिने मागच्या पडवीत नेऊन ठेवली.

गावाने तोंडभर कौतुक केले. खोटे कशाला बोलू, मीही फुशारले.

सात वर्षे गेली. स्वयंपाकघरात ओल आली. पाव दुसऱ्याच दिवशी बुरसटू लागला. मग मागच्या भिंतीला पोट सुटले आणि सरकारी निरीक्षक येऊन सांगून गेला, की सप्टेंबरअखेरपर्यंत भिंत सुधारली नाही तर घर पाडायचे. त्या रात्री थर्झा जेवलीच नाही.

विल्फने सगळा दोष माझ्या छपरावर ढकलला. "हे कुजकं गवतच गळतंय. मुळापासून उपसू आणि पत्रे घालू." त्याने सायलस हॅनाफर्डला बोलावले. सायलसच्या आज्यापासून त्यांच्याच घराण्याने मला शाकारले होते.

म्हातारा शिडीवर चढला आणि त्याने काखेपर्यंत हात छपरात खुपसला. इतक्या आत मला आजवर कुणी चाचपले नव्हते. मी श्वास रोखून धरला. खाली उतरून त्याने मूठ उघडली. आत कोळशासारखे काळे काड होते, ओंब्यांसकट.

"जळलंय का हे?" थर्झाने विचारले.

"नाही पोरी, काजळी आहे ही. धुराडं नव्हतं तेव्हाची. घराच्या मधोमध जमिनीवर चूल पेटायची आणि धूर गवतातनं वर जायचा. चारशे वर्षं तरी झाली असतील."

चारशे! मित्रांनो, मी मनातल्या मनात उडालेच.

सायलसने एक काडी विल्फच्या नाकासमोर मोडली. ती कट्कन तुटली. "ऐकलंस लेका? ठणठणीत कोरडी. हिनं इतक्या वर्षांत थेंब खाली येऊ दिला नाही, आणि तू हिला उपसायला निघालास!"

"मग पाणी येतंय कुठनं?"

उत्तर थर्झाने दिले. तिच्या हातात लाकडी डाव होता. ती मागे गेली आणि तिने गिलाव्यावर डाव वाजवला. बद्द आवाज आला. तिने एका भेगेत डावाचा दांडा घालून जोर लावला, तशी सिमेंटची खपली निखळली आणि आतला चिखल तिच्या बुटांवर सांडला.

"मातीची भिंत पावसात भिजते नि वाऱ्यावर वाळते," सायलस हळूच म्हणाला. "भेगांतून पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नाही. तू हिला रबरी कोट चढवलास आणि बटणं शिवून टाकलीस."

विल्फचा चेहरा पडला. "तुझ्या हातांसाठी केलं गं मी."

"मला विचारलंस का पण? मे महिन्यातला तो दिवस मला आवडायचा, विल्फ. येणारीजाणारी थांबायची, बोलायची."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"इतका खूश होतास तू. बोलणार कशी?"

दुसऱ्या दिवशी विल्फने भिंतीला टेकू लावले आणि स्वतःच हातोडा घेऊन आपला गिलावा फोडायला लागला. प्रत्येक घावाला त्यालाच लागत असावे. उन्हाळाभर मी वाऱ्यावर वाळले. ढासळलेल्या जागी भरायची माती गावाने तुडवली. आता बैल नव्हते, म्हणून माणसांनीच पायांनी. विल्फ रोज सकाळी भिंतीला तळहात लावून बघायचा आणि थर वाळल्याशिवाय पुढचा घालायचा नाही. निरीक्षक आला, त्याने भिंतीत चाकू टोचून पाहिला आणि नोटीस मागे घेतली. ते काळे काड सायलसने पुन्हा जिथल्या तिथे खुपसले.

पुढच्या मे महिन्यात थर्झाने चुना कालवला. विल्फ आधी घुटमळला. मग त्याने विचारले, "मी येऊ का मदतीला? दुसरा ब्रश आहे?"

"आहे ना," थर्झा म्हणाली. "मी आले तेव्हापासून दोन घेऊन ठेवलेत."

मित्रांनो, आपल्या घराची आणि आपल्या माणसांची काळजी जरूर घ्या. माझे मागणे एवढेच, की हात लावण्याआधी एकदा विचारा. माझ्यासारख्या मुक्याला विचारायचे असेल, तर भिंतीवर तळहात ठेवा आणि थोडा वेळ थांबा.